स्क्यॉल्द आणि स्क्यॉल्दुंग: आधी राजा की आधी घराणं?

प्रश्न असा आहे: उत्तर युरोपच्या कथा वाचताना डेन्मार्कच्या आद्य राजाचं नाव कुठे ‘स्क्यॉल्दर’, कुठे ‘शिल्ड’, तर कुठे ‘स्किओल्डुस’ असं भेटतं. त्याच्या वंशजांना ‘स्क्यॉल्दुंग’ किंवा ‘शिल्डिंग’ म्हणतात. माणूस एकच आहे का, मराठीत काय लिहावं, आणि घराण्याला ‘ढालवंशी’ म्हटलं तर चालेल का?

माणूस एकच. म्हणजे, माणूस असलाच तर. त्यावर पुढे येतोच.

नावाचा अर्थ सरळ आहे: ढाल. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाच्या भाषेत, ढालीला जो शब्द, तेच या राजाचं नाव. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या साक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश इतिहासकाराने 1200 च्या आसपास त्याला लॅटिन शेपूट लावून ‘स्किओल्डुस’ केलं. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ झाला, म्हणून तिथे ‘शिल्ड’. हा बदल आपल्याला रोज दिसतो, फक्त लक्षात येत नाही. शर्ट आणि स्कर्ट हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. शर्ट अस्सल इंग्रजी, तर स्कर्ट हा इंग्लंडात स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांकडून आलेला. शिल्ड आणि स्क्यॉल्द यांचं नातं तसंच.

‘स्क्यॉल्दर’मधला शेवटचा ‘र’ मात्र नावाचा भाग नाही. तो प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे. द्वितीयेत ‘स्क्यॉल्द’, चतुर्थीत ‘स्किल्दि’ अशी रूपं होतात आणि ‘र’ गळून पडतो. हा ‘र’ मुळात ‘स’ होता. गॉथिक या भगिनीभाषेत तो तसाच राहिला आणि ढालीला ‘स्किल्दुस’ म्हणत. संस्कृतात त्याच जुन्या ‘स’चा विसर्ग झाला: गुरुः, भानुः. आणि हा विसर्ग संधीत काय होतो आठवा: ‘गुरुर्ब्रह्मा’. तिथेही ‘र’च! दोन्हीकडचे बदल एकमेकांपासून स्वतंत्रपणे झाले, पण मूळ प्रत्यय एकच. तेव्हा मराठीत ‘रामः वनात गेला’ असं आपण लिहीत नाही, तसंच ‘स्क्यॉल्दर’ लिहायचीही गरज नाही. ‘स्क्यॉल्द’ पुरे. आधुनिक डॅनिशमध्ये शेवटचा ‘द’ उच्चारतही नाहीत, ‘स्क्योल’ असं काहीसं ऐकू येतं, पण मध्ययुगीन राजाला आजच्या कोपनहेगनच्या उच्चारात बांधू नये असं माझं मत आहे.

आता ‘उंग’. नॉर्समधला ‘उंग’ आणि इंग्रजीतला ‘इंग’ हे एकाच प्रत्ययाचे दोन चेहरे. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात घराण्याचं नाव बहुतेक ठिकाणी ‘शिल्डिंग’ आहे, क्वचित ‘उंग’ही येतो. अर्थ ‘अमक्याचा वंशज’ किंवा ‘अमक्याशी संबंधित’. रघूचा राघव, कुरूचा कौरव, यदूचा यादव, तसा स्क्यॉल्दचा स्क्यॉल्दुंग. वॅग्नरच्या संगीतिकेमुळे माहीत झालेले निबेलुंग, नॉर्स कथांमधले वोल्सुंग, स्वीडनचे युंगलिंग, इतिहासाच्या पुस्तकातले मेरोविंजियन आणि कॅरोलिंजियन, सगळ्यांत हाच प्रत्यय दडलेला आहे.

पण संस्कृतशी साम्य इथवरच ताणावं. राघव म्हटलं की रघू आधी हवा. ‘इंग’ला असं बंधन नाही, तो वस्तूलाही लागतो. म्हणजे ‘स्क्यॉल्दुंग’चा अर्थ ‘स्क्यॉल्द नावाच्या माणसाचे वंशज’ इतकाच नव्हे, तर नुसता ‘ढालवाले’ असाही होऊ शकतो. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की आधी ‘ढालवाले’ हे घराण्याचं किंवा योद्ध्यांचं नाव होतं आणि मग त्या नावावरून मागाहून मूळपुरुष बेतला गेला. मला हे पटतं. मूळपुरुष बेतण्याची हौस तिकडे भरपूर होती: डेन लोकांना ‘डान’ नावाचा पूर्वज मिळाला, नॉर्वेला ‘नोर’.

दुसरा पुरावा म्हणजे या राजाच्या बापाबद्दल कुणाचंच एकमत नाही. आइसलँडच्या स्नोरी या लेखकाने 13 व्या शतकात त्याला ओडिन देवाचा मुलगा केलं, गेफ्युन ही बायको दिली आणि डेन्मार्कमधल्या लाइर इथे बिऱ्हाड थाटून दिलं. गेफ्युन म्हणजे नांगराने स्वीडनची जमीन उपसून डेन्मार्कचं शेलँड बेट तयार करणारी. साक्सोकडे देव नाही. तिथे तो डानचा नातू, लोथेरुसचा मुलगा. पोरवयातच अस्वलाला लोळवून स्वतःच्या कंबरपट्ट्याने बांधतो, आणि राजा झाल्यावर लोकांची कर्जं स्वतःच्या तिजोरीतून फेडतो. कर्जमाफीची परंपरा एवढी जुनी आहे तर!

सगळ्यांत गमतीचा घोळ बेओवुल्फमध्ये आहे. तिथे त्याला ‘शिल्ड शेफिंग’ म्हटलंय. आपला वरचा नियम लावला तर ‘शेफचा मुलगा शिल्ड’. पण तेच काव्य सांगतं की हा तान्हेपणी एकटाच समुद्रावरून आलेला, निराधार सापडलेला पोर. मग बापाचं नाव कुणी सांगितलं? ‘शेफ’ म्हणजे धान्याची पेंढी. त्यामुळे काही जण ‘शेफिंग’चा अर्थ ‘पेंढीवाला’ असा लावतात. 10 व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एथेलवेर्ड या इंग्रज लेखकाच्या इतिहासात तर होडीतून येणारं मूल शिल्ड नाहीच, शेफ स्वतःच आहे. 12 व्या शतकात माम्सबरीच्या विल्यम या इंग्रज इतिहासकाराने झोपलेल्या बाळाच्या उशाला पेंढी ठेवली आणि नावाचा उगम सांगून टाकला. इंग्लंडच्या वेसेक्स राजांनीही आपल्या वंशावळीत या दोघांना सामावून घेतलं. काही प्रतींमध्ये तर शेफ थेट नोहाच्या नौकेत जन्मतो. ढाल, पेंढी आणि बायबल, सगळं एका वंशवृक्षावर.

शिवाय नॉर्स दरबारी कवींच्या हाती ‘स्क्यॉल्दुंग’चा अर्थ सैल होत गेला. नॉर्वेच्या किंवा आणखी कुठल्या राजालाही ते ‘स्क्यॉल्दुंग’ म्हणू लागले. स्नोरीने हा शब्द राजाच्या पर्यायशब्दांत धरला आहे. त्यामुळे काव्यात हा शब्द दिसला की लगेच डेन्मार्कची वंशावळ उघडू नका. गद्य कथेत बहुधा घराणं, दरबारी कवितेत बहुधा नुसता ‘राजा’.

‘ढालवंशी’बद्दल: सूर्यवंशी, सोमवंशी आपल्याकडे आहेत, त्यामुळे कानाला खटकत नाही. तरी मी वापरणार नाही. ‘वंशी’ म्हटलं की ‘वंशज’ हा एकच अर्थ पक्का होतो, आणि वर पाहिलं तसं तोच तर वादाचा मुद्दा आहे. ‘ढालाईत’ हा जुना मराठी शब्द मोहक आहे, पण तो ढाल बाळगणाऱ्या नोकराचा, राजघराण्याला लावला तर पदावनती होईल. ‘स्क्यॉल्दुंग घराणं’ लिहावं आणि पहिल्या उल्लेखात अर्थ सांगावा. बेओवुल्फबद्दल लिहीत असाल तर ‘शिल्डिंग’ ठेवा, पण एका लेखात दोन्ही रूपं मिसळू नका.

आणि लाइरजवळच्या रोस्किले शहराच्या नावातलं ‘स्किले’ म्हणजे हाच स्क्यॉल्द असेल असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. ते नाव ‘रो’ राजा आणि झरा या अर्थाचा ‘केल्दा’ यांतून आलेलं आहे. मधला ‘स’ षष्ठीचा.