नावाचा अर्थ सांगताना

अनेक आशीर्वाद.

अनुवादासाठी तू केलेली नावांच्या अर्थांची यादी वाचून काढली. प्रत्येक नावापुढे एक मराठी शब्द, तोही कोशात नीट पाहून घेतलेला. मेहनत दिसते, पण अडचण नेमकी तिथेच आहे. नाव ठेवताना ठेवणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं: आनंद, भीती, नवस, नाहीतर नुसती सवय. ते हाती लागलं नाही तर कोशातला शब्द बरोबर असूनही अर्थ चुकतो.

पीटरपुढे तू 'खडक' लिहिलंस. ठीक. येशूने शिष्याला अरामी भाषेत 'केफा' म्हटलं, ग्रीकमध्ये त्याचं 'पेत्रोस' झालं; म्हणजे इथे नावाचा चक्क अनुवादच झाला. आता आपला धोंडू घे. कोशाच्या हिशेबाने पीटर आणि धोंडू सख्खे भाऊ. पण केफा हे नाव भक्कम माणसाचं, ज्याच्यावर काही उभारता येईल अशा माणसाचं. धोंडू हे नाव आधीची मुलं दगावलेल्या घरातलं; 'हा काय, नुसता धोंडा' असं म्हणून काळाची नजर चुकवायची. धोंडूचा खरा भाऊ शोधायचा तर तुर्कीत जा. तिथे 'दुर्सुन' असं नाव आहे, म्हणजे 'थांबू दे', 'राहू दे'. तेही मुलं जगत नसलेल्या घरातलंच. शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आईबापांच्या पोटातला गोळा तोच. म्हणून धोंडूपुढे 'दगड' एवढं लिहून थांबू नकोस. हवी तर एक ओळ जास्त घे.

दुर्सुन हे क्रियापद आहे, हेही बघ. पुष्कळ नावं म्हणजे आख्खी वाक्यं असतात. नायजेरियातल्या योरुबा भाषेतलं 'बाबातुंडे' म्हणजे 'वडील परत आले'. आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या नातवाचं हे नाव. तू त्यापुढे 'पुनरागमन' लिहिलंस. त्यात आजोबा कुठे गेले? मूळ वाक्य असेल तर मराठीतही वाक्यच लिही. एका नावाला एकच शब्द, हा नियम तुला कुणी घातला?

काही नावांना दोन मजले असतात. नेल्सन मंडेलांचं घरचं नाव 'रोलिह्लाह्ला'. शब्दशः अर्थ झाडाची फांदी ओढणं, पण बोलण्यात त्याचा अर्थ होतो उपद्व्यापी, खोड्या काढणारा. दोन्ही दे, आणि शब्दशः कोणता, रूढ कोणता हे सांग. नुसती फांदी दिलीस तर वाचक त्यात निसर्गप्रेम शोधत बसेल. 'नेल्सन' मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी दिलेलं नाव. त्याची व्युत्पत्ती उकरून मंडेलांविषयी काहीच कळत नाही, सोडून दे.

'कोफी'पुढचं 'शुक्रवार' खोड. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. मुलगी असेल तर एफुआ. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या जुळ्या बहिणीचं नाव एफुआच होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या नावात मधे 'अट्टा' होतं, म्हणजे जुळं. गंमत अशी की थॉमस या नावाचा अरामी अर्थही जुळाच. पण अट्टा ही त्या जन्माची नोंद आहे. आजच्या थॉमसला जुळं भावंड असेलच असं नाही. अशी वापरून वापरून गुळगुळीत झालेली नावं तुला ढिगाने भेटतील. तिथे 'अर्थ' न लिहिता 'मूळ अर्थ' लिही. एका शब्दाचा फरक, पण वाचकाची फसगत टळते.

आणि नावाच्या जागी त्याचं भाषांतर वापरायचा मोह आवर. संगीतकार मोझार्टच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत 1756 साली ग्रीक वळणाचं 'थिओफिलस' आहे, वडिलांनी पत्रात जर्मन 'गॉटलीब' लिहिलं, तो स्वतः 'अमादे' अशी सही करायचा. एकाच नावाची ही तीन भाषांतली रूपं. घरचेच ते, त्यांना मुभा होती. आपल्याला नाही. मजकुरात नाव जसंच्या तसं राहू दे. अर्थ शेजारी, गरज असेल तरच. अर्थावर कोटी केलेली असेल किंवा पात्रंच नावाविषयी बोलत असतील, तर गरज आहे. एरवी बहुधा नसते.

जपानी नावांचं काम लिपी हाती आल्याशिवाय करूच नकोस. 'अकिरा' निरनिराळ्या चित्राक्षरांत लिहितात, आणि अक्षर बदललं की अर्थ बदलतो. उच्चारावरून सांगितलेला अर्थ हा अंदाज, दुसरं काही नाही.

राहता राहिला तुझ्या यादीतला समीर. तू डोळे मिटून 'वारा' लिहून टाकलंस. संस्कृत समीर वारा खरा, पण अरबी समीर म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा. हा कोणत्या घरातला, ते लेखकाला विचार. तोवर ती जागा कोरी ठेव.