वाचक विचारतात : मोर्चा निघाला तरी युद्ध झालंच, मग मिळालं काय?

प्रश्न : २००३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर इराक युद्धाविरुद्ध लाखो माणसं उतरली, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत. तरी महिनाभरात युद्ध झालंच. मग अशा मोर्च्यांनी साधतं काय? आणि तिथले डावे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष सोडून मजूर (लेबर) पक्षावरच एवढे का चिडतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हा प्रश्न मला इथे ब्रिटनमध्येही बरेच जण विचारतात. त्यांना उत्तर नको असतं, 'बघा, काही झालं नाही ना' एवढंच ऐकवायचं असतं. तुम्ही मनापासून विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

१५ फेब्रुवारी २००३, शनिवार. एक मोर्चा थेम्सकाठच्या एम्बँकमेंटवरून, दुसरा गॉवर स्ट्रीटवरून निघाला. पिकॅडिलीला दोन्ही एकत्र येऊन हाइड पार्कात जायचे होते. पोलिसांनी आकडा सांगितला साडेसात लाख, आयोजक वीस लाखांपर्यंत गेले. मी गॉवर स्ट्रीटच्या बाजूला होते. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या काही जणी रात्रपाळी संपवून परस्पर आल्या होत्या, कोटाच्या आत अजून गणवेशच होता. कडाक्याची थंडी, आणि बराच वेळ पाऊलभरही पुढे सरकता येईना, कारण मागून माणसं येतच होती. माझ्या पुढच्या आजोबांनी केरसुणीच्या दांडीला खोक्याचा पुठ्ठा ठोकला होता आणि त्यावर 'माझ्या नावाने नको' एवढंच लिहिलं होतं. आमची वॉर्ड सिस्टर आयुष्यात पहिल्यांदाच मोर्च्यात आली होती. १९९७ मध्ये तिने मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअरना मत दिलं होतं आणि निकालाच्या रात्री ती आनंदाने रडली होती. आता तेच ब्लेअर पंतप्रधान म्हणून देशाला युद्धात नेत होते. मजूर पक्षावरचा राग कुठून येतो, ते मला तिच्याकडे बघून कळलं.

आता युद्ध का थांबलं नाही ते. कारण निर्णय आधीच झालेला होता. ब्रिटन या युद्धात कसं पडलं ते तपासणाऱ्या चिलकॉट चौकशी समितीचा अहवाल जुलै २०१६ मध्ये आला, बारा खंड, २६ लाख शब्द. त्यात ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना पाठवलेली टिपणी आहे. काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन, अशी तिची सुरुवात. म्हणजे आम्ही थंडीत उभे होतो, त्याच्या सहा-सात महिने आधी. शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्ध सुरू केलं, असं अहवाल स्पष्ट म्हणतो. ब्रिटनचे १७९ जवान तिथे मरण पावले. मेलेल्या इराकी माणसांची मोजदाद करायची जबाबदारी तर कुणी घेतलीच नाही, आणि मला याची आजही सगळ्यात जास्त चीड येते.

तरी काही मिळालं का? माझ्या मते मिळालं. ब्रिटनमध्ये सैन्य पाठवायचा अधिकार राजाच्या नावाने पंतप्रधानाकडे असतो, त्यासाठी संसदेचं मत घेणं कायद्याने बंधनकारक नाही. रस्त्यावरचा आणि स्वतःच्या पक्षातला दबाव एवढा होता, की ब्लेअरना १८ मार्चला मतदान घ्यावं लागलं. आदल्या दिवशी ब्लेअर यांच्याच मंत्रिमंडळातल्या रॉबिन कुक यांनी युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडलं. त्यांच्या भाषणानंतर सभागृहात टाळ्या झाल्या, एरवी तिथे टाळ्या वाजवत नाहीत. मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी पक्षादेश झुगारून युद्धविरोधी दुरुस्तीला मत दिलं. मूळ प्रस्तावावर सरकार ४१२ विरुद्ध १४९ मतांनी जिंकलं खरं, पण पायंडा पडला. त्याच पायंड्यामुळे ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव घेऊन तेव्हाचे हुजूर पंतप्रधान कॅमेरॉन संसदेत आले आणि २७२ विरुद्ध २८५ अशी हार पत्करून गप्प बसले. त्या रात्री खासदारांच्या डोक्यात इराकच होता.

पायंडा म्हणजे कायदा नव्हे, हेही पुढे दिसलं. २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेला सुट्टी असताना सीरियावर क्षेपणास्त्रं डागली. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सुनक यांनी येमेनमध्ये हल्ले केले, तेही मतदान न घेताच. म्हणून युद्धाचा निर्णय संसदेच्या मताशिवाय होऊ नये, असा कायदाच करा, ही मागणी आहे. मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते कॉर्बिन यांनी ती २०१८ मध्ये मांडली होती. मजूर पक्ष पुन्हा सत्तेत आला, कायदा आलेला नाही.

आता राग मजूर पक्षावरच का, ते. हुजूर पक्षाकडून आम्हा डाव्यांची अपेक्षाच नसते. ज्या मजूर पक्षाने १९४८ मध्ये सगळ्यांना मोफत दवाखाना दिला, त्यानेच जुलै २०२४ मध्ये स्वतःच्या सात खासदारांना निलंबित केलं. त्यांचा गुन्हा काय, तर गरीब कुटुंबाला दोनच मुलांपुरती मदत ही हुजूर पक्षाने २०१७ मध्ये आणलेली मर्यादा रद्द करा, असं मत त्यांनी दिलं. पुढे नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने ती मर्यादा उठवायचं जाहीर केलं. म्हणजे ते सात जण बरोबर होते.

प्रश्न : मराठी माणसाने इंग्रजांच्या भांडणात कशाला पडावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये लंडनमधल्या बॅटरसीच्या कामगारांच्या मतांवर खासदार झाले, १९२४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आले. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी, सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत असं भाषण केलं म्हणून दोन महिने तुरुंगात बसले. मी इथे नोकरी केली, कर भरला, मुलं वाढवली. हे भांडण माझंही आहे.

प्रश्न : रशिया युक्रेनमध्ये घुसलेला असताना संरक्षणखर्चाला विरोध करणं भाबडेपणाचं नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इराकवरचं आक्रमण चूक होतं, तसंच युक्रेनवरचंही चूक आहे. सगळा दोष नाटोवर ढकलणाऱ्या आमच्याकडच्या मंडळींशी माझं इथे जमत नाही. युक्रेनच्या लोकांना लढायचा हक्क आहे.

माझा आक्षेप पैसा कुठून काढला याला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर यांनी २०२७ पर्यंत संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं आणि त्यासाठी परदेशी मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. ती आधी ०.७ होती, हुजूर पंतप्रधान जॉन्सन यांच्या काळात ०.५ झाली होती. विकासमदत खात्याच्या मंत्री ॲनेलिज डॉड्स यांनी राजीनामा दिला. त्यांचा खर्च वाढवायला विरोध नव्हता. हताश माणसांचं अन्न आणि औषध यात जाईल, हे त्यांनी पत्रात लिहिलं. एक कोटी पौंडांवरच्या संपत्तीवर दोन टक्के कर लावा, असं आम्ही कधीचं म्हणतोय. तिकडे हात घालायचा नाही आणि लसींचे पैसे काढायचे, हे मला मान्य नाही.