स्कूटर चालवायची की फोटोत दिसायचं? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात स्कूटर टूरवरचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे पुढच्या अंकात ढकललेत, राग मानू नका.

प्रश्न : डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. मुलीने गोव्यातली एक टूर शोधलीय, पुढे स्कूटरवर गाइड, मागे आपण आपल्या स्कूटरवर, सोबत प्रोफेशनल फोटोग्राफर, चार तास, नंतर एडिट केलेले फोटो मिळणार. पण ह्यांनी दहा वर्षांत दुचाकीला हात लावलेला नाही आणि मला फोटो साडीतच हवेत. पैसे घालवावेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, घालवा की, २५ वर्षांनी एकदा घालवताय. पण बुकिंग करायच्या आधी घरात बसून एक ठरवून घ्या, ह्यांना स्कूटर चालवायचीय की फोटोत दिसायचंय, कारण दहा वर्षांनी गाडी हातात घेतलेला माणूस रस्त्याकडे बघतो, आरशात बघतो, मागून हॉर्न वाजला की खांदे वर करतो आणि सगळ्या फोटोंत त्याचा चेहरा लायसन्सच्या टेस्टला आल्यासारखा दिसतो. आमच्याकडे असे चाळीस फोटो आहेत, माझ्या नवऱ्याचे. त्यामुळे माझं सरळ मत, चालवायचं काम टूरवाल्यांच्या माणसांना द्या आणि तुम्ही दोघं दोन गाड्यांवर मागे बसा. गोव्यात याच्यात नवीन काहीच नाही, तिथे पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले कितीतरी वर्षं लोकांना मागे बसवून गावभर फिरवतायत, गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं त्यावरून ओळखायचे. जोडीने एकाच स्कूटरवर बसलेला फोटो हवाच असतो ना, तो स्कूटर स्टँडवर लावून निघतो आणि घरी कोणाला कळत पण नाही.

आता साडी. पदर चाकात गेला की काय होतं ते मी लिहायला नको. पाचवारी नेसून एका बाजूला बसायचं असेल तर पदर पुढे घेऊन कमरेत घट्ट खोचा, निऱ्यांना खाली पिन लावा आणि अंतर थोडकंच ठेवा. त्यापेक्षा नऊवारी नेसा. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायका बघता ना, त्या काय वेड्या नाहीत, दोन्हीकडे पाय टाकून बसता येणारी साडी आहे ती. नाहीतर प्रवासाला ड्रेस आणि फोटोच्या जागी साडी, पण मग बदलायला जागा कुठे मिळेल हे आधी विचारा, मी एकदा फेरीबोटीच्या धक्क्यावर एका चहाच्या टपरीमागे मैत्रिणीच्या ओढणीचा आडोसा करून साडी नेसलेय, परत करणार नाही.

रूट कसा निवडायचा ते सांगते, कारण टूरवाले बऱ्याचदा स्वतःच्या सोयीने फिरवतात आणि उजेडाची वाट लागते. ओल्ड गोव्यात समोरासमोर दोन मोठी चर्च आहेत. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला, म्हणजे त्याचा फोटो सकाळी. बॉम जेजू बॅसिलिकाचं तोंड पश्चिमेला, तो फोटो उतरत्या उन्हात काढायचा. त्याच्या भिंतींचा गिलावा काढलेला आहे, आतला तांबडा जांभा उघडा पडलाय आणि पाच साडेपाचला त्याच्यावर ऊन आलं की कुठलाही फिल्टर लावावा लागत नाही. दर्शनी भागात जो काळा दगड आहे तो आपल्या वसईहून नेलेला आहे, गाइड हे सांगतोच असं नाही. आत मात्र पोझबिझ देऊ नका, ते प्रार्थनेचं ठिकाण आहे.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली उतरलात की मांडवीचा धक्का आणि दिवाडीची फेरी. दिवाडी बेटावर जायला पूल नाहीये, स्कूटरसकट फेरीबोटीत चढायचं. माझ्या मते अख्ख्या टूरमधला सगळ्यात भारी फोटो या फेरीतच मिळतो, स्कूटर बंद असते, लोक गाडीवर बसूनच असतात, कोणी पावाची पिशवी हँडलला लावलेली, कोणी युनिफॉर्ममधलं पोर पुढे उभं केलेलं, पाण्यावरून खालून उजेड येतो आणि पाच-सात मिनिटं कोणालाच काही करायचं नसतं, चेहरे आपोआप सैल पडतात. फोटोग्राफर चांगला असेल तर इथे तो तुम्हाला ‘स्माइल’ म्हणणार नाही. पलीकडे पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, वरून शेतं आणि नदी दिसते. परत येताना रायबंदरला उतरलात तर पणजीकडे जाणारा तो जुना बांध लागेल, पोन्ते दी लिन्यारिश, १६३३-३४ चा, तीन किलोमीटरच्या वर लांब, आणि आजही त्यावरून रोजची वाहतूक चालते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, त्यामुळे चार तासांची टूर दुपारी दोनला सुरू करा, सकाळी दहाची देत असतील तर नको म्हणा, डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळं दिसतं आणि मग एडिटिंगमध्ये चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा करून देतात.

पणजीतल्या फोंतेन्याश या जुन्या वस्तीत जायचं असेल तर सकाळी, आठच्या आत, आणि हळू आवाजात. ती रंगीत घरं म्हणजे सेट नाहीये, आत माणसं झोपलेली असतात. तिथल्या लोकांनी वैतागून दारावर ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लावल्यात आणि मला त्यांचं शंभर टक्के पटतं, तुमच्या सांगलीच्या घराच्या पायरीवर रोज वीस नवरा-नवरी येऊन बसले तर तुम्ही काय कराल? पर्रीकरांच्या पर्रा गावातला तो माडांचा रस्ता माहितीय ना, तिथे तर पंचायतीने २०१९ मध्ये फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली होती, मग बोंबाबोंब झाली आणि ते मागे घेतलं. पण प्रकरण तिथपर्यंत का गेलं असेल ते बघा.

आणि ह्यांनी चालवायचाच हट्ट धरला तर? मग स्कूटरची नंबरप्लेट बघा, भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढरी पाटी म्हणजे कोणाची तरी घरची गाडी, पोलिसांनी पकडलं की तुमचा अर्धा दिवस रस्त्याच्या कडेला. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, मागे एकाने माझ्याकडून आधीच्याच ओरखड्याचे पैसे वसूल केलेत, टाकी पण जवळजवळ रिकामी देतात. हेल्मेट घालायचंच, फोटोसाठी काढायचं ते गाडी उभी असताना. आणि मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, मॅप तिकडे न्यायला लागला तर ऐकू नका, जुन्या पुलाने जा.

प्रश्न : मी लग्नांचे फोटो करतो. एका मित्राच्या स्कूटर आहेत, आम्ही दोघं मिळून गोव्यात असं टूर प्लस फोटो पॅकेज चालू करायचं म्हणतोय. चालत्या स्कूटरवरून शूट कसं करायचं आणि कायद्याचं काय? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : भावा, पहिलं म्हणजे चालत्या स्कूटरवरून शूट करूच नकोस. मागे उलटं बसून कॅमेरा धरणारे हिरो मी बघितलेत, एक खड्डा आला की कॅमेरा पण गेला आणि मणका पण. चालत्या स्कूटरचे जे भारी फोटो असतात ते बहुतेक उभ्या फोटोग्राफरने काढलेले असतात. रिकामा रस्ता बघायचा, तू कडेला उभा राहायचं, पाहुण्यांना वीस-पंचवीसच्या स्पीडने तुझ्यासमोरून तीन वेळा जायला सांगायचं, शटर १/३० ते १/६० च्या मध्ये ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, मागचे माड पुसट होतात आणि चेहरा शार्प राहतो. पहिल्या फेरीला लोक कॅमेऱ्याकडे बघतात, दुसऱ्या फेरीला एकमेकांकडे बघून हसतात, तिसऱ्या फेरीला विसरतात. तिसरी फेरी तुझी. म्हणून तू टूरच्या पुढे असला पाहिजेस, मागे नाही, म्हणजे तुला स्वतःचा वेगळा चालक लागेल, हे खर्चात धरलंयस का?

कायद्याचं म्हणशील तर मित्राच्या स्कूटर घरच्या नावावर असतील तर विषयच संपला. भाड्याने दुचाकी द्यायला परवाना लागतो, त्याची केंद्राची स्कीम १९९७ पासून आहे, आणि गोव्यात पर्यटनाचा धंदा करायचा तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी असते, तिथे जाऊन आधी विचार. परवानावाल्या भाडेवाल्याशी टाय-अप कर आणि तू फोटोवर लक्ष दे, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

अजून एक, जे लग्नवाल्या फोटोग्राफरना पण माहीत नसतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कोणी पैसे देऊन तुझ्याकडून स्वतःचे फोटो काढून घेतले आणि तुमच्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक तो गिऱ्हाईक. तू नाहीस. म्हणजे त्यांचा फोटो तू तुझ्या इन्स्टावर जाहिरातीला टाकणार असशील तर बुकिंगच्या वेळीच एका ओळीत लिहून घे, आणि कोणी नको म्हटलं तर तोंड वाकडं करू नकोस. किती फोटो, किती दिवसांत, कच्च्या फाइली द्यायच्या की नाही, पाऊस आला तर काय, हे पण तिथेच लिही. भांडणं यावरूनच होतात, फोटो वाईट आले म्हणून क्वचितच.

प्रश्न : टूरवाला ड्रोन शॉट फुकट देतोय. घेऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्याला विचारा, डिजिटल स्काय म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी साइटच्या नकाशावर ती जागा कुठल्या रंगात आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे, लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. तो ‘काय होत नाय ओ’ म्हणाला तर समजून जा.

प्रश्न : मे महिन्यात आईबाबांना घेऊन रोमला चाललोय. तिथे व्हेस्पावरून शहर दाखवतात आणि फोटो काढून देतात. बाबा ६८ वर्षांचे आहेत, त्यांनी तीस वर्षं चेतक चालवली, ते म्हणतात मीच चालवणार. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बाबांचा हक्क बनतो खरं तर. बजाजने साठच्या दशकात व्हेस्पाच लायसन्स घेऊन आपल्याकडे बनवली, करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली, म्हणजे बाबांनी तीस वर्षं व्हेस्पाची चुलत बहीणच चालवलीय. आणि २०१२ पासून तर व्हेस्पा आपल्या बारामतीत बनते, हे तिथल्या गाइडला नक्की सांगा.

पण रोम म्हणजे टिळक रोड नाही. गाड्या उजवीकडून चालतात, चौकात वळताना हात आपोआप चुकीकडे जातो, आणि जुन्या भागातल्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेत, सांपिएत्रिनी म्हणतात त्यांना, पाऊस पडला की साबण लावल्यासारखे होतात. शिवाय भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, ते आपल्या आरटीओतूनच मिळतं, निघायच्या आधी काढा, आणि लायसन्सवर दुचाकी आहे ना ते बघा. व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा इन्शुरन्स काढता त्यात दुचाकी चालवणं धरलंय का ते पण वाचा, बारीक अक्षरात ‘नाही’ असतं बऱ्याचदा.

त्यामुळे चालकासकट टूर घ्या, आईंना साइडकारवाली मिळाली तर बघा, साडीचा प्रश्नच मिटतो. जानिकोलोच्या टेकडीवर दुपारी बाराला तोफ उडवतात ती बाबांना आवडेल, पण फोटोला आव्हेंतिनोच्या टेकडीवरची संत्र्यांची बाग संध्याकाळी, तिथल्या कठड्यावरून सेंट पीटरचा घुमट दिसतो. स्पॅनिश स्टेप्सवर फोटोसाठी बसायचं नाही, २०१९ पासून बंदी आहे, दंड ४०० युरोपर्यंत जातो, उभ्याने काढा.

आणि बाबांसाठी एक. टूरवाल्यांना आधीच मेल करून विचारा जुनी हँडल-गिअरची व्हेस्पा आहे का, आताच्या बहुतेक सगळ्या ऑटोमॅटिक असतात. असेल तर एखाद्या बंद आवारात, इंजिन चालू न करता, पाच मिनिटं बाबांच्या हातात द्यायला सांगा. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाशी ब्रेक, सगळं ओळखीचं आहे. फोटोग्राफरला फक्त एवढं सांगून ठेवा की बाबा किक मारायच्या आधी गाडी एका बाजूला तिरकी करतील, तेव्हा मदतीला धावू नकोस, क्लिक कर.