डंजनला मराठीत काय म्हणायचं?

भुसावळच्या एका भाऊचा प्रश्न आहे. मित्र जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात तो खेळ, मराठीत खेळवायचाय, गोष्ट खान्देशातच घडवायचीय, तर डंजनला अंधारकोठडी म्हणू का तळघर, आणि तयारीला वाचू काय?

अंधारकोठडी तर नकोच भो. तिच्यात माणसाला टाकतात, तो आपल्या पायानं जात नाही, आणि खेळात तर चार जण खजिन्याच्या आशेनं मशाली घेऊन स्वतःहून खाली उतरतात. त्यात मूळ फ्रेंच दोंजों म्हणजे किल्ल्यातला सगळ्यात भक्कम मुख्य बुरूज, म्हणजे आपल्या बालेकिल्ल्याच्या जवळपासचं काहीतरी, पुढे इंग्रजीत अर्थ घसरत घसरत खालच्या कैदखान्यावर आला, आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला त्यात कैदखानाही बाजूला पडून किल्ल्याखालचा चक्रव्यूहच उरला. म्हणून माझं मत भुयार. भुयार म्हणलं की ऐकणारा लगेच विचारतो, दुसरं तोंड कुठं निघतं? खेळ तिथंच सुरू झाला ना.

पण सगळीकडे भुयारच वापरू नका, आपल्याकडे जमिनीखालच्या जागांना शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाबरोबर नकाशा फुकट मिळतो. तळघर घराखाली असतं, म्हणजे वर घरमालक आलाच. लेणं डोंगरात कोरलेलं, समोरून उघडं, लपायला वाईट. बळद म्हणजे जुन्या वाड्यातली धान्याची बंदिस्त कोठी, एखादा चोर दडवायला झकास. आणि पेव! पेव फुटणे हे सगळे बोलतात पण पेव पाहिलेलं कोणी नसतं. जमिनीत खोल खड्डा, आत धान्य, तोंड वरून बंद करून टाकलेलं. आतलं धान्य श्वास घेतं, हवेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, त्यामुळे पेव उघडल्या उघडल्या आत उडी मारणारा गुदमरून मरू शकतो. ना बाण ना खटका, आयता सापळा! हुशार खेळाडू आधी दिवा दोरीनं खाली सोडून बघेल, विझला की समजायचं.

वाचायचं म्हणाल तर गायगॅक्सनं १९७९ च्या डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात शेवटी प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांची यादीच दिलीय, अ‍ॅपेंडिक्स एन म्हणतात तिला, ती चाळा, पण ती सगळी तिकडची. इकडे खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचा इतिहास वाचा, त्यांचे किल्ले थाळनेर, लळिंग, आणि खास करून असीरगड, जो १६०१ साली अकबराच्या हाती लागला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात गेलं तरी जुनं खान्देशच, तिथला मुघल काळातला कुंडी भंडारा बघून या, ओळीनं विहिरी आणि खालून सगळ्यांना जोडणारं पाण्याचं भुयार. थोड्या थोड्या अंतरावर वरून उजेड, मधे काळोख, म्हणजे मशाल कधी पेटवायची हा प्रश्न खेळाडूंच्याच गळ्यात. आणि नंदुरबारकडचे कोणी भेटले तर दिवाळीतल्या अस्तंब्याच्या यात्रेचं विचारा, कपाळावरच्या जखमेला तेल मागत सातपुड्यात फिरणारा अश्वत्थामा ऐकून घ्या, असा एनपीसी, म्हणजे खेळाडूंऐवजी डंजन मास्टर चालवतो ते पात्र, कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही. फक्त त्याला मारता येईल असा ठेवू नका, तो चिरंजीव आहे, पोरं वाद घालतील.

डंजन मास्टरला सूत्रधार चालेल, पण खेळताना सगळे डीएमच म्हणणार, म्हणू द्या. आणि डंजन शब्द ठेवायचाच असेल तर नपुंसकलिंगी वापरा, ते डंजन, अनेकवचन डंजनं, कारण मनात भुयारच असतं. तो डंजन म्हणलं तर मला एखाद्या पहिलवानाचं नाव वाटतं.