इस्मीनी नुसती भित्री बहीण आहे का?

तुमचा प्रश्न असा: ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या 'अँटिगनी' नाटकात अँटिगनी शूर आणि इस्मीनी भित्री, एवढाच फरक आहे का? सरांनी वहीत दोन रकाने आखून दिलेत, एकात 'धाडस' आणि दुसऱ्यात 'शरणागती'. ते पुरतील का?

पास होण्यापुरते पुरतील. नाटक समजायला पुरणार नाहीत. कॉलेजात या नाटकाचं अभिवाचन केलं तेव्हा माझ्या वाट्याला इस्मीनी आली होती. मी महिनाभर कुरकुरले, कारण मला अँटिगनी हवी होती. म्हणजे मी त्याच दोन रकान्यांतून आलेय. पुढचं वाचताना इस्मीनीकडे माझा थोडा कल आहे हेही लक्षात असू द्या.

गोष्ट थोडक्यात. थीब्ज या ग्रीक नगराच्या गादीसाठी इडिपसचे दोन मुलगे, म्हणजे या दोघींचे भाऊ इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस, लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. राज्य येतं त्यांचा मामा क्रेऑन याच्याकडे. तो फर्मान काढतो: इटिओक्लीसला मानानं मूठमाती द्यायची. पॉलिनायसीस परक्यांची फौज घेऊन आला, त्याचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकायचं. कुणी पुरलं तर भर गावात दगडांनी ठेचून मारणार. नाटक सुरू होतं ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे, राजवाड्याच्या दाराबाहेर. अँटिगनीनं धाकट्या बहिणीला एकटीला गाठून बाहेर बोलावलंय. भावाला पुरायचं ठरवलंय, येतेस का?

या पहिल्या 99 ओळी नीट वाचा. सगळा फरक तिथेच आहे, आणि तो धाडसाहून वेगळा आहे.

इस्मीनी नाही म्हणते, पण काय काय म्हणते ते पाहा. आधी ती घराण्याचा हिशेब मांडते. बापानं स्वतःचे डोळे फोडले, आईनं गळफास घेतला, दोन्ही भाऊ एका दिवसात गेले, आता आपण दोघीच उरलो. मग म्हणते, आपण बायका आहोत, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही. आपल्यावर जास्त ताकदीच्यांचं राज्य आहे. विद्यार्थी हे वाक्य उचलतात आणि 'शरणागती'खाली लिहून मोकळे होतात. त्याच्या पुढची ओळ कुणी लिहीत नाही. पाताळातल्यांनी मला क्षमा करावी, माझ्यावर जबरदस्ती आहे, असं ती म्हणते. म्हणजे भावाला पुरणं योग्यच आहे हे तिला मान्य आहे. क्रेऑनचं बरोबर आहे असं ती एकदाही म्हणत नाही. बरोबर काय हे दोघींनाही कळतं. एकीला ते जमणारं वाटत नाही आणि दुसरीला जमतं की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

नकार मिळताच अँटिगनी फिरते. आता तू यायचं म्हणालीस तरी मला नको, म्हणते. इस्मीनी म्हणते, निदान कुणाला सांगू नकोस, मीही गप्प राहीन. अँटिगनी म्हणते, सांग की, गावभर ओरडून सांग, गप्प राहिलीस तर मला जास्त तिरस्कार वाटेल. त्यावर इस्मीनीचं उत्तर मला नाटकातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं: थंड गोष्टींसाठी तुझं काळीज तापलंय. थंड म्हणजे प्रेत, थडगं, मृत्यू. शेवटी ती म्हणते, जातेस तर जा, वेडेपणा आहे, पण तुझ्या माणसांना तू खरोखर प्रिय आहेस.

आता एक गोष्ट भाषांतरात हमखास हरवते, आणि संस्कृत शिकलेल्यांना ती पटकन कळेल. सोफोक्लीजच्या ग्रीकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन आहे. मराठीनं ते केव्हाच टाकून दिलं. सुरुवातीला अँटिगनी बहिणीशी बोलताना 'आपण दोघी' या अर्थी द्विवचन वापरते. इस्मीनीनं नाही म्हटलं की तिच्या तोंडून ते जातं आणि उरतं फक्त 'मी' आणि 'तू'. अभ्यासकांनी हे पुष्कळदा दाखवून दिलंय. आमच्या अभिवाचनात दिग्दर्शिकेनं एवढीच सूचना दिली होती: अँटिगनीनं 'आपण' शेवटचं कधी म्हटलं ते लक्षात ठेव आणि त्यानंतर तिच्याकडे पाहा. महिनाभराच्या तालमीत मला त्याहून उपयोगी काही मिळालं नाही.

मजा पुढे आहे. अँटिगनी पकडली जाते. क्रेऑनला वाटतं धाकटीही सामील असणार, कारण त्यानं तिला घरात भान हरपल्यासारखी पाहिलंय. माझ्या घरात लपून माझं रक्त पिणारी नागीण, असं तो तिला म्हणतो. (नाटकभर मान खाली घालून राहिलेल्या पोरीला नागीण! क्रेऑनची माणसांची पारख एवढीच.) इस्मीनी रडत येते आणि म्हणते, हे मीही केलं, ही हो म्हणत असेल तर. शिक्षा मरणाची आहे हे माहीत असताना! पहाटे मरणाला घाबरलेली मुलगी दुपारी ते स्वतःहून मागतेय. मग तिला भित्री म्हणायचं कसं? तिला कायदा मोडायचा नव्हता, पण बहिणीशिवाय जगायचंही नाहीये. बहिणीशिवाय जगून काय करू, असं ती उघड विचारते.

आणि अँटिगनी? ती झिडकारते. तू नको म्हणालीस, मी तुला सामील केलं नाही. नुसत्या शब्दांनी प्रेम करणारं माणूस मला आवडत नाही. तू जगणं निवडलंस, मी मरणं. त्यावर इस्मीनी म्हणते, तरी चूक आपल्या दोघींची सारखीच. मूळ ग्रीकमध्ये इथे पुन्हा द्विवचन आहे, आणि ते इस्मीनीच्या तोंडी. मोठीनं 'आपण' सोडलं, धाकटीनं धरून ठेवलं. माझ्या मते दोघींमधला खरा विरोध हा आहे. अँटिगनीचं प्रेम मेलेल्यांवर आहे, ती ते सांगतेही: खालच्यांना खूश ठेवायचा काळ इथल्यांपेक्षा मोठा आहे. इस्मीनीचं प्रेम समोर उभ्या असलेल्या माणसावर आहे.

अर्थात अँटिगनी इथे बहिणीला वाचवतेच आहे, हेही म्हणता येतं. स्वतःला वाचव, तू सुटलीस तर मला हेवा नाही, असं ती त्याच प्रसंगात म्हणते. हा अर्थ नाकारता येत नाही, फक्त आजूबाजूच्या टोमण्यांमुळे तो मला निखळ वाटत नाही.

अँटिगनीचं मोठेपण मी कमी करत नाही. 'हे फर्मान झ्यूसनं काढलेलं नाही' म्हणत देवांच्या अलिखित कायद्यांबद्दल ती राजाला सुनावते तेव्हा अंगावर काटा येतो. शिवाय ती एकटी आहे. सोफोक्लीजच्याच 'इलेक्ट्रा'मध्ये नायिकेभोवती बायकांचा कोरस (एकत्र बोलणारा, गाणारा समूह) आहे, इथे मात्र थीब्जचे म्हातारे, आणि तेही राजाला बिचकून असणारे. पण 'मी द्वेषात नाही, प्रेमात सामील व्हायला जन्मले' हे तिचं गाजलेलं वाक्य वाचाल तेव्हा पहाटे तिनं बहिणीशी कोणत्या भाषेत बोलणं केलं तेही आठवा. मरायला जाताना ती म्हणते, नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा जन्मणार नाही. जर्मन कवी गटेला ही ओळ इतकी खटकली की कुणीतरी ती मागाहून घुसडलेली आहे असं सिद्ध करावं असं त्याला वाटे. मला ओळ खटकत नाही. मला एवढंच विचारायचं असतं की अगं, बहीण तरी पुन्हा कुठे जन्मणार आहे?

पहिल्यांदा प्रेतावर माती पडली ती इस्मीनीच्याच हातून, असंही काही अभ्यासकांनी मांडलंय, कारण पुरण्याचा प्रकार दोनदा घडतो आणि पहिल्या वेळी कुणाचाच माग सापडत नाही. कल्पना मोहक आहे, पण मला पटत नाही. तसं असतं तर पहाटेच्या नकाराचं वजनच जातं.

वेळ असेल तर 'इलेक्ट्रा'तल्या क्रिसोथेमिसकडेही बघा. तीही 'सत्तेपुढे वाका' म्हणणारी बहीण. पण बापाच्या थडग्यावर केसांची बट पाहून भाऊ परत आल्याचं अचूक ओळखते ती हीच. धाडसी इलेक्ट्रा भाऊ मेल्याच्या खोट्या बातमीवर विश्वास ठेवून बसलेली असते. सोफोक्लीजच्या 'मवाळ' बहिणी मूर्ख नसतात.

उत्तरपत्रिकेसाठी मुद्दा हवा असेल तर हा घ्या. क्रेऑनचा मुलगा हीमॉन याच्याशी अँटिगनीच्या ठरलेल्या लग्नाची आठवण क्रेऑनला कोण करून देतं? अँटिगनी नाही, इस्मीनी. पोराच्या नवरीला मारणार का, असं ती विचारते, आणि तो म्हणतो, नांगरायला इतर शेतं आहेत. जिवंत माणसांच्या बाजूनं वाद घालणारी त्या प्रसंगात ती एकटीच आहे.

पुढे कोरस क्रेऑनला विचारतो, दोघींनाही मारणार का? तो म्हणतो, नाही, जिनं हात लावला नाही तिला नको. इस्मीनीचा जीव असा एका ओळीत वाचतो आणि 1353 ओळींच्या त्या नाटकातून ती तिथेच नाहीशी होते. अँटिगनी, हीमॉन आणि क्रेऑनची बायको युरिडिसी मरतात, क्रेऑनला हात धरून आत नेतात, पण धाकटीचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

अभिवाचनात आम्ही सगळे शेवटपर्यंत मंचावर खुर्च्यांवर बसून होतो. माझी पानं अर्ध्यातच संपली होती. दगडांनी ठेचण्याऐवजी जिवंत कोंडायला गुहेकडे नेताना अँटिगनी थीब्जच्या म्हाताऱ्यांना म्हणते, बघा, तुमच्या राजघराण्यातली उरलेली मी एकटी. ती हे वाचत होती तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते, हातात मिटलेली संहिता घेऊन.