आधी धातू, मग वाद

स्त्रियांच्या हक्कांसाठी अरबी शिकताय, मनापासून आनंद झाला. पण नुसत्या भाषांतरांच्या भरवशावर वादात उतरू नका. नवऱ्याने बायकोशी कसं वागावं याबद्दलच्या कुराणातल्या ४:३४ या आयतीतला (वचनातला) ‘दरब’ हा धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूपच घ्या. ‘मारणे’ हा अर्थ आहेच. पुढे ‘फिल अर्द’ (जमिनीवर) आलं की प्रवासाला निघणे, ‘मसल’ आलं की दाखला देणे. सोयीचा अर्थ सापडला की हुरळून जायला होतं. तिथेच थांबा, या आयतीत तसा जोडशब्द आहे का बघा. नाहीये. समोरचा जाणकार पहिलं तेच विचारेल.

कायदेही मूळ अरबीतूनच वाचा. मोरोक्कोच्या २००४ च्या मुदव्वनेतून (कौटुंबिक कायद्यातून) पत्नीच्या आज्ञापालनाचं कलम गेलं, मुलींचं लग्नाचं वय १५ वरून १८ झालं. जुना-नवा मसुदा शेजारी ठेवा आणि गळलेल्या शब्दांवर पेन्सिलीने खुणा करा.