एमजीबी रस्ताभर भटकते? आधी टायरचं वय बघा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. मित्राची १९६७ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चालवलीत, ती साठ मैलांच्या वेगात रस्ताभर भटकत होती, आणि आता विचारताय की जुन्या गाड्या अशाच असतात का, माझी माझदा एमएक्स-५ (नव्या जमान्याची छोटी स्पोर्ट्स कार) देऊन ही घ्यावी का. इथे लीड्समध्ये मी याच भ्रमात दीड वर्ष काढलं. माझी १९६६ ची. स्टिअरिंगशी सतत झटापट करायची आणि त्यालाच कौतुकाने 'क्लासिक फील' म्हणायचं!

शेवटी एका वर्कशॉपात नेली. नाव घेत नाही. गाडी वर उचलली, चाकं हलवली, "स्टिअरिंग रॅक गेला" म्हणाले. रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा, बदलला, चाकांचं अलाइनमेंट केलं. बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. गाडी तशीच! परत गेलो तर म्हणे, "पन्नास वर्षांची गाडी आहे, अजून काय हवंय?" टायरचं मी विचारलं होतं हो. "नक्षी भरपूर आहे." संपला विषय.

पुढे एका म्हाताऱ्या मेकॅनिकने खाली बसून टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाचले: ०८०४. २००४ सालचा आठवा आठवडा. रबराचं लाकूड झालेलं. चार नवे टायर घातले, कोरड्या किंगपिनांत (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळांत) ग्रीस भरलं, गाडी सुतासारखी सरळ. रॅकचे पैसे बुडाले ते बुडालेच. चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला इथे एमओटीची (वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती नाही, म्हणजे वर्षातून एकदा गाडीखाली जाणारी परकी नजरही गेली. मी ती तपासणी तरीही करून घेतो.

तेव्हा तुलना करायचीच तर धड अवस्थेतल्या एमजीबीशी करा. मी मेकॅनिक नाही, नुसता हौशी, पण माझं मत ठाम आहे: यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ भागातल्या अरुंद रस्त्यांवर पंचेचाळीस मैलांत बी, म्हणजे एमजीबी, जी मजा देते, ती नव्या एमएक्स-५ मध्ये सत्तरला मिळते, आणि तिथे पोलीसही भेटतात. माझ्यासारख्या जुन्या बीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद पडू देणारी सोय) नाही, मागे स्प्रिंगऐवजी पाटे, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी मदत) नाही. आठवडाभर नवी गाडी चालवून बीत बसलं की पहिल्याच चौकात पोटात गोळा येतो. वळणात खड्डा आला तर मागचा ॲक्सल उडी मारतो. एमएक्स-५ तुमची चूक पोटात घालते, बी लगेच कान धरते. पावसात मी निमूट माझी एमएक्स-५ काढतो. तुमची विकू नका.

घेतलीतच तर पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) भरा, जास्त इथेनॉलच्या ई१० ने जुने रबरी पाइप खराब होतात. आणि १९६७ च्या बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. सीटमागच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांना हात लावण्यापूर्वी ते बघा. मी कसा शिकलो ते विचारू नका.